ठमीचा डोळा: काढावा की राखावा?

वाईला मामांच्या घरी ठमी नावाची मांजर आहे. वय अकरा, अंग केशरी, डोळे पिवळेधमक. उजव्या डोळ्यातल्या पिवळ्या पडद्यावर गेली काही वर्षं तपकिरी ठिपके होते. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. या दिवाळीत मामींच्या लक्षात आलं की ठिपके आता सुटे राहिलेले नाहीत, त्यांचा एक डाग झालाय. घरात पशुवैद्य एक सोडून दोन. मामा परळच्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयातून शिकून सरकारी नोकरीत लागले आणि माण-खटावच्या दवाखान्यांत गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या तपासत निवृत्त झाले. भाची शिरवळला शिकली, पुण्यात कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करते आणि त्यातही डोळ्यांची कामं जास्त घेते. दोघांचं एकमत झालं असतं तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. माणसं आणि मांजर कल्पित आहेत. रोग, तपासण्या आणि वाद मात्र खरे आहेत, आणि हा वाद डोळ्यांच्या पशुवैद्यांमध्येही अजून मिटलेला नाही.

मामा: मी आधीच सांगतो, मला नसते उपद्व्याप नकोत. मांजर दोन वेळ जेवते, रात्री गच्चीवर हिंडते, परवा पाल मारून मामीच्या पायाशी आणून टाकली. हिला काय धाड भरलीय? तिळाला कॅन्सर म्हणायचं आणि अकराव्या वर्षी तिचा डोळा काढायचा?

भाची: कॅन्सर आहे असं मी म्हटलंच नाही, मामा. तो नाही असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, एवढंच म्हटलं. केशरी मांजरांच्या ओठावर, नाकाच्या शेंड्यावर, पापणीच्या कडेला काळे ठिपके येतात ना, त्यांची मला काळजी नाही. ते जन्मभर निरुपद्रवीच राहतात. आयरिसवरचे ठिपकेही पुष्कळदा तसेच राहतात. वय झालेल्या किती मांजरांच्या डोळ्यांत असतात. पण त्यातले काही पसरतात, आणि नेमके कोणते पसरणार हे पहिल्या दिवशी कुणालाच कळत नाही.

मामा: मग पसरल्यावर बघू.

भाची: पसरलेत. तेच तर सांगतेय. तुम्ही चष्मा लावून बघा. खालच्या बाजूला पडद्याची बारीक नक्षी दिसते ती इथे पुसली गेलीय, पृष्ठभाग मखमलीसारखा झालाय. ठिपका असतो तोवर रंग बदलतो, पडदा तसाच सपाट राहतो. पोत बदलला की माझे कान टवकारतात.

मामांनी चष्मा लावून पाहिलं. बघितल्यावर ते काही बोलले नाहीत, पण विषयही सोडला नाही. इथे वाचकासाठी थोडं सांगायला हवं. आयरिस म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा. मांजराच्या डोळ्याच्या आत उगम पावणाऱ्या कॅन्सरांमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो याच पडद्यातल्या रंगपेशींचा, डिफ्यूज आयरिस मेलॅनोमा. तो गाठीसारखा एका जागी वाढत नाही. पडद्यावर पातळ थर चढावा तसा पसरतो, आणि म्हणूनच फसवतो. पेशी सुटून डोळ्यातल्या पाण्यात तरंगतात, आयरिसच्या कडेला जिथून ते पाणी निचरून जातं तो कोन चोंदतो, दाब वाढतो आणि काचबिंदू होतो. पेशी आयरिसच्या मागच्या सिलिअरी बॉडीत शिरल्या की तिथल्या रक्तवाहिन्यांतून त्यांना बाहेरची वाट मिळते. मग यकृत, फुप्फुसं. हे सगळं महिन्यांत घडत नाही, बहुतेकदा वर्षांत घडतं.

मामा: ठीक आहे, शंका घ्यायला जागा आहे. मग तुकडा काढून तपासा. बैलाच्या शिंगाचा कॅन्सर असो की गाईच्या तिसऱ्या पापणीवरची गाठ असो, आम्ही आधी तुकडा घ्यायचो, निदान कापल्यावर तरी लॅबला पाठवायचो.

भाची: इथे तुकडा घेणं सोपं नाही. आयरिस म्हणजे रक्तवाहिन्यांचं जाळं. सुई घातली की डोळ्यात रक्त उतरतं, सूज येते. एवढं करूनही हाती काय येतं? वरवरच्या चार पेशी. त्या निरुपद्रवी दिसल्या म्हणून खालच्याही तशाच असतील असं नाही. म्हणून बहुतेक नेत्रतज्ज्ञ या रोगात आयरिसची बायोप्सी नेहमीची तपासणी म्हणून करत नाहीत. पक्कं निदान होतं ते काढलेला अख्खा डोळा पॅथॉलॉजिस्टकडे गेल्यावर.

मामा: म्हणजे आधी फाशी, मग खटला!

भाची: हो. अगदी तसंच. मी ते नाकारत नाही. काढलेल्या डोळ्यांपैकी काहींचा रिपोर्ट साधा रंगदोष म्हणून येतो. तो रिपोर्ट हातात आल्यावर मालकाशी बोलणं सोपं नसतं.

मामा: आणि तरी तू काढ म्हणतेस.

भाची: कारण उलटी चूक दुरुस्त होत नाही. 1998 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या मंडळींनी एक अभ्यास छापला. या रोगासाठी डोळा काढलेली मांजरं आणि त्यांच्याच वयाची, हा रोग नसलेली मांजरं, अशी तुलना केली. रोग आयरिसपुरता असताना डोळा गेला ती मांजरं बाकीच्यांइतकीच जगली. सिलिअरी बॉडीपर्यंत पोचल्यावर काढला त्यांचं आयुष्य कमी झालं. डोळाभर पसरून काचबिंदू झाल्यावर काढला त्यांची अवस्था सर्वांत वाईट.

मामा: किती मांजरं होती?

भाची: मोजकीच.

मामा: बघ. आणि दुसरी गोष्ट. ज्यांचा डोळा लवकर काढला, त्यांच्यातल्या काहींचा रोग मुळातच मवाळ असेल. त्यांना काहीच केलं नसतं तरी ती म्हातारी होऊनच मेली असती. मग तुझी शस्त्रक्रिया यशस्वी ठरली की रोगच सुस्त होता? आम्हाला लसीच्या चाचण्या शिकवताना हेच बजावायचे, की तुलना करायची तर दोन्हीकडे सारखा माल हवा.

भाची: आक्षेप बरोबर आहे. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या मांजरांचे डोळे काढले आणि अर्ध्यांचे ठेवले, असा अभ्यास कुणी केलेला नाही, करणारही नाही. म्हणून मी त्या आकड्यांवर सगळी भिस्त ठेवत नाही. पण रोग कुठवर पोचला यावर पुढचं ठरतं, ही गोष्ट पॅथॉलॉजीच्या टेबलावर पुन्हा पुन्हा दिसलेली आहे. त्याच्याशी भांडण नाही ना?

मामा: त्याच्याशी नाही.

मामांचा हा आक्षेप मला या संभाषणातला सर्वांत वजनदार मुद्दा वाटतो. जनावरांच्या वैद्यकात खूपसं ज्ञान अशाच थोडक्या, मागे वळून मोजलेल्या नोंदींवर उभं आहे. डॉक्टरने ते उघडपणे मान्य केलं तर मालकाचा विश्वास घटत नाही, उलट बसतो. आणि मामांसारखे आडवेतिडवे प्रश्न विचारणारा मालक डॉक्टरला त्रासदायक वाटला तरी मांजराच्या हिताचाच असतो.

मामा: माणसाच्या डोळ्यात मेलॅनोमा झाला तर किरणोत्सर्गी चकती बसवून डोळा वाचवतात. कुत्र्याचं काय करता?

भाची: माणसात तो बहुधा मागच्या बाजूला, कोरॉइडमध्ये होतो, आणि गाठीसारखा उभा राहतो, म्हणून त्याच्यावर चकती बसवता येते. कुत्र्याच्या डोळ्यातली रंगपेशींची गाठ बहुतेकदा सौम्य आणि एका जागी असते. मांजराचा प्रकार दोघांपेक्षा वेगळा. पसरट रोगावर चकती बसवणार कुठे? एखादा सुटा, छोटा ठिपका असेल तर काही नेत्रतज्ज्ञ डायोड लेसरने तो जाळतात. पण त्याने पुढचा कॅन्सर टळतो याचा ठाम पुरावा नाही, आणि ठमीची ती अवस्था मागे पडली.

मामा: औषध? कुत्र्याच्या जननेंद्रियावरच्या त्या संसर्गी गाठी मी व्हिनक्रिस्टीनवर विरघळताना पाहिल्यात. चार-सहा आठवड्यांत सगळं साफ. बैलाच्या शिंगाच्या कॅन्सरमध्येही आम्ही ऑपरेशननंतर तेच द्यायचो. दारात सदाफुली फुललीय, तिच्यातूनच निघतं ना ते?

भाची: तिच्यातूनच. आणि मांजराच्या डोळ्यातल्या दुसऱ्या एका कॅन्सरला ते चालतंही. लिंफोमाला. तो बहुधा बाकीच्या शरीरातून डोळ्यात येतो, कधी दोन्ही डोळ्यांत. पडदा काळा होत नाही, गुलाबीसर-मलईसारखा जाड होतो. अशा वेळी डोळा काढून भागत नाही. रक्त, सोनोग्राफी, हनुवटीखालच्या गाठी, मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूची चाचणी असं सगळं बघावं लागतं आणि व्हिनक्रिस्टीनबरोबर सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन, प्रेडनिसोलोन अशी जोडणी करून केमोथेरपी द्यावी लागते. मेलॅनोमाला मात्र असं भरवशाचं औषध नाही. एकदा यकृतात गेला की आपल्या हातात फारसं उरत नाही.

मामा: पांढऱ्या मांजरांचं मला माहीत आहे. खालच्या पापणीच्या कडेला न भरणारा फोड आलेला मी पाहिलाय.

भाची: तो स्क्वेमस सेल कार्सिनोमा. उन्हाचा रोग. पांढऱ्या मांजराच्या पापणीत, कानाच्या टोकाला, नाकावर रंगद्रव्य नसतं. पत्र्यावर दुपारभर ऊन खात पडायची सवय असली की वर्षानुवर्षांनी ती जागा चिघळते. लोक मलम लावत बसतात. दोन-तीन आठवड्यांत न भरलेल्या पापणीच्या जखमेचा तुकडा घ्यायलाच हवा, आणि इथे तो घेता येतो. लहान असताना कापून काढला किंवा गोठवला तर डोळा वाचतो.

मामा: म्हणजे सगळ्याच काळ्या डागांना तू भीत नाहीस.

भाची: छे! परवा एका पर्शियन मांजराला घेऊन आले, मालकीण रडत होती. बुबुळाच्या काचेवरच काळा चट्टा. तो कॅन्सर नव्हताच, काचेचाच मेलेला पापुद्रा होता, पर्शियनमध्ये हमखास दिसणारा. दुखतो खूप, पण कापून काढला की बहुतेकदा सुटका होते. दुसऱ्या एका बोक्याच्या डोळ्यात काळा गोल चेंडू तरंगत होता. त्याच्यामागून दिवा धरला तर उजेड आरपार. पाण्याची गाठ निघाली, हातही लावला नाही. जुन्या सुजेनेही पडदा गडद होतो. म्हणून कुणी फोनवर नुसता फोटो पाठवून विचारलं तर मी निदान सांगत नाही.

मामा: मग ठमीचं तू नक्की काय पाहिलंस? मला क्रमाने सांग.

भाची: आधी लांबून. दोन्ही बाहुल्या सारख्या आकाराच्या आहेत का. मग उजेड टाकला. मांजराची बाहुली मिटताना उभी सरळ चीर व्हायला हवी. पडदा एका बाजूने घट्ट झाला तर ती चीर वाकडी होते, कडा चपटी पडते. ठमीची अजून सरळ आहे. मग दाब. माझ्याकडच्या यंत्राची बारीक सळई बुबुळाला नुसती टिचकी मारून मागे येते, भुलीचा थेंबही लागत नाही, ठमीने तर डोळाही मिटला नाही. साधारण 10 ते 25 हा मांजराचा दाब. हिचा दोन्हीकडे सतराच्या आसपास. मग स्लिट लॅम्पच्या उभ्या उजेडाच्या पट्टीत पडद्याची जाडी पाहिली. खालच्या भागात किंचित उंचवटा आहे. शेवटी बाजूने पाहून निचऱ्याचा कोन. तिथे मला रंग दिसला नाही.

मामा: म्हणजे पाचातल्या तीन गोष्टी माझ्या बाजूने.

भाची: आणि दोन माझ्या, पोत आणि उंचवटा.

पंचाईत खरी इथेच आहे. बाहुली वाकडी, दाब चढलेला, कोनात काळी भुकटी, असं असतं तर मामांनीही वाद घातला नसता. काहीच नसतं तर भाचीने ठमीला घरी पाठवलं असतं. दवाखान्यात येणारी बरीच मांजरं या दोन टोकांच्या मधली असतात. मधल्या जागेत पुस्तक दोन्ही बाजूंनी बोलतं आणि ठरवावं लागतं ते घरच्यांनी.

मामा: बरं, शेजारच्या बोक्याबद्दल विचारतो. त्याचा डावा डोळा मारामारीत फुटला, त्याला आता काही वर्षं झाली असतील. सुकून आत गेलाय. तो काही बोलत नाही, रडत नाही. त्याला तर आपण सोडून दिलाय ना?

भाची: तो मला उद्या मिळाला तर मी उद्याच काढीन. त्याच्यावर चर्चासुद्धा करणार नाही.

मामा: अगं, जिवंत डोळ्यावर आपण तासभर वाद घालतोय आणि मेलेल्या डोळ्यावर तू सुरी परजतेस?

भाची: मामा, हा मांजराचा खास रोग आहे. डोळ्याला जबर मार बसला, आतलं भिंग फुटलं, की त्या भिंगाच्या पेशी कधीकधी वर्षानुवर्षं तिथे कुजबुजत राहतात आणि मग त्यातून सार्कोमा उठतो. सरासरीने पाच-सात वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा. मांजराच्या डोळ्याच्या आत उगम पावणाऱ्या कॅन्सरांमध्ये याचा नंबर दुसरा. बाहेरून एवढंच दिसतं की सुकलेला डोळा पुन्हा फुगायला लागला, किंवा लाल झाला. तोवर तो दृष्टीच्या नसेवरून मेंदूच्या दिशेने निघालेला असू शकतो. त्या डोळ्याचा बोक्याला काडीचा उपयोग नाही. धोका तेवढा आहे.

मामा: हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

भाची: तुमच्या बैलांना होत नाही म्हणून. पण रस्त्यावरची पिल्लं बघा. सर्दीच्या विषाणूने डोळे चिकटतात, बुबुळ फुटतं, डोळा सुकतो, आणि लोक म्हणतात, राहू दे, जगलं ना. नसबंदीच्या वेळी भूल दिलेलीच असते. त्याच वेळी तो सुकलेला डोळाही काढून टाकला तर पुढची टांगती तलवार जाते.

मामा: हे पटलं. मेलेल्या डोळ्याची माया धरू नये. शेजारच्याला मी सांगतो. पण ठमीचं वेगळं आहे. तिला त्या डोळ्याने दिसतंय.

भाची: दिसतंय. म्हणून तर तुमच्याशी इतका वेळ बोलतेय.

मामा: ऑपरेशनचं सांग. गाईचा डोळा मी खोड्यात उभ्याने काढलाय. पीटरसन ब्लॉक द्यायचा, डोळ्यामागची नस बधिर झाली की गाय रवंथ करत उभी राहायची.

भाची: मांजराला पूर्ण भूल. आधी रक्त, मूत्रपिंड, रक्तदाब, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी. एक तर भुलीसाठी, आणि यकृतात किंवा फुप्फुसात आधीच काही असेल तर डोळा काढण्याआधी ते कळायला हवं. शस्त्रक्रियेत एका गोष्टीचं भान कायम ठेवावं लागतं. गाईच्या डोळ्यामागे तुम्हाला खेचायला जागा असते. मांजराची दृष्टीची नस आखूड. डोळा ओढला तर ताण मागे जिथे दोन्ही नसा एकत्र येतात तिथवर पोचतो आणि चांगला असलेला दुसरा डोळा कायमचा आंधळा होऊ शकतो. म्हणून ओढायचंच नाही. डोळा जागेवर ठेवून, वाकड्या कात्रीने मागून सोडवायचा.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. आयुष्यभर कात्री धरलेल्या माणसाला हे वाक्य ऐकून जे वाटलं असेल ते इतरांना वाटणार नाही. वाचकांनी यातून घ्यायचं ते इतकंच की डोळा काढणं हे शल्यक्रियेच्या यादीत सोपं वाटलं तरी ते मांजराच्या डोळ्यांची सवय असलेल्या हाताकडूनच करून घ्यावं.

भाची: नंतर पापण्या शिवून टाकतात. दहा-बारा दिवसांनी टाके निघतात, तोवर गळ्यात कॉलर, नाहीतर पंजाने ओरबाडेल. केस उगवले की मिटलेल्या डोळ्यासारखं दिसतं. पहिले काही दिवस उडी चुकते, मग मिशा आणि कान काम सांभाळून घेतात. ज्यांचा डोळा आधीपासून काचबिंदूने ठणकत होता, त्यांचे मालक येऊन सांगतात, मांजर पुन्हा खेळायला लागलं. मांजर दुखणं दाखवत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

मामा: आणि दुखलं म्हणून घरातली क्रोसिनची गोळी...

भाची: अर्धीसुद्धा नाही! पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. रक्त ऑक्सिजन वाहणं सोडतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात आणि मांजर जातं. घरातल्यांना हे निक्षून सांगा.

मामा: सांगितलंय. आता माझं ऐक. डोळा काढला तरी तू मला खात्री देत नाहीस.

भाची: नाही देत. लवकर काढूनही काही मांजरांत वर्षा-दोन वर्षांनी यकृतात डाग सापडतात. म्हणून नंतरही दर सहा महिन्यांनी छाती आणि पोट तपासायचं.

मामा: आणि नाही काढला तर ठमीला काही होणारच, असंही नाही.

भाची: नाही.

मामा: मग मला मुदत दे. मला भीती शस्त्रक्रियेची नाही, चुकीच्या निदानाची आहे. दिसणारा डोळा मी संशयावर देणार नाही. पण डोळे झाकूनही बसणार नाही.

भाची: मुदत मिळेल, पण तोंडी नाही. मला कागदावर हवंय. दर महिन्याला एकाच खिडकीत, एकाच वेळी, फ्लॅश न मारता दोन्ही डोळ्यांचे फोटो. तीन महिन्यांनी दाब, स्लिट लॅम्प आणि कोन, माझ्याकडे नाहीतर दुसऱ्या कुणाही नेत्रतज्ज्ञाकडे. आणि चार अटी. उंचवटा वाढला, बाहुलीची चीर वाकली, कोनात रंग दिसला किंवा दाब चढला, यातली एकही गोष्ट झाली तर त्या आठवड्यात डोळा काढायचा. तेव्हा तुम्ही पाल मारल्याची गोष्ट सांगायची नाही.

मामा: आणि काढलेला डोळा?

भाची: अख्खा फॉर्मॅलिनमध्ये, डोळ्याच्या दहापट द्रावणात. चिरायचा नाही, फेकायचा तर नाहीच. रिपोर्ट काहीही आला तरी तुम्हाला वाचून दाखवीन. साधा रंगदोष निघाला तर शिव्या घाला.

मामा: आण कागद.

डोळा काढला की नाही, हे मी सांगणार नाही. कारण ठमीच्या बाबतीत जे होईल त्यावरून तुमच्या मांजराचं ठरवणं धोक्याचं आहे. माझं मत विचाराल तर, सपाट ठिपक्यांवर सुरी चालवायला मी तयार झालो नसतो. उंचवटा दिसल्यावर मात्र मी भाचीच्या बाजूला झुकलो असतो, आणि दाब किंवा बाहुली बिघडेपर्यंत थांबलो नसतो, कारण या रोगात त्या उशिराच्या खुणा आहेत. मामांनी मागितलेली मुदत चूक नाही, पण अटी कागदावर उतरल्या नसत्या तर ती मुदत निव्वळ टाळाटाळ ठरली असती. मारामारीत फुटलेल्या, सुकलेल्या डोळ्याबाबत तर दुमत असायचं कारणच नाही.

तुमच्या घरात मांजर असेल तर उद्या सकाळी खिडकीपाशी, उन्हाकडे तोंड करून न बसवता, नुसत्या उजेडात तिच्या दोन्ही डोळ्यांचा एकेक फोटो काढा आणि तारखेसह जपून ठेवा. वय सात-आठच्या पुढे असेल तर दर सहा महिन्यांनी पुन्हा काढा. पहिल्या भेटीत डॉक्टर विचारतात, डाग कधीपासून आहे आणि किती वाढला. बहुतेक मालकांकडे याचं उत्तर नसतं.